पापाचा वाटा
(राम गणेश गडकरी : जीवन आणि पात्रे)

द्वितीय वर्ष कला

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. वाटसरूंना लुटावे, मारावे आणि माणसामागे एक खडा रांजणात टाकावा, असा त्याचा क्रम. सात रांजण भरले. मग नारदमुनी भेटले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. ज्यांच्यासाठी हे पाप करतोस, ते त्या पापात वाटेकरी होतील काय? वाल्या घरी गेला. बायको नाही म्हणाली, मुले नाही म्हणाली. तिथून त्याचा वाल्मीकी होण्यास प्रारंभ झाला.

मी खारदांड्याच्या कोळीवाड्यात वाढले. ही गोष्ट सांगताना आमची आजी दर वेळी बजावून सांगे, की तो रानातला कोळी, आपण दर्याचे कोळी. पण मला त्या गोष्टीतला 'वाटा' हा शब्दच अधिक लागत असे. आमच्याकडे तो रोजचा शब्द आहे. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा, खलाशांचा वेगळा. बाजारात आई बोंबलांचे वाटे लावून बसते. लाभाचा वाटा घ्यायला सगळेच पुढे येतात. पापाचा वाटा घ्यायला कोणी येत नाही, एवढाच त्या गोष्टीचा अर्थ मी बरीच वर्षे धरून चालले होते.

पुढे महाविद्यालयात आल्यावर 'एकच प्याला' हे नाटक वाचले आणि ही गोष्ट पुन्हा आठवली. कारण तिथे मला पापाचा सगळा वाटा आपल्या पदरात घेणारी एक बायको भेटली. ज्या लेखकाने तिला घडविले, त्याचे आयुष्य कसे होते, चुकलेल्या माणसांकडे तो कोणत्या दृष्टीने पाहत होता, हे जाणून घ्यावेसे वाटले. त्याच ओढीतून हा लेख लिहीत आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे केलेला हा प्रयत्न वाचकांनी गोड मानून घ्यावा.

*

राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत, नवसारी येथे झाला. नवसारी त्या वेळी बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होती. बालपणीची वर्षे गुजरातेत गेल्यामुळे गुजराती भाषा त्यांच्या कानावर पहिल्यापासून होती. पुढे ज्या माणसाला मराठी भाषेचा जादूगार समजण्यात आले, त्याच्या बालपणाचा परिसर मराठी नव्हता, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आमच्यासारख्या ज्या मुलामुलींच्या घरी पुस्तकी मराठी कधी बोललीच गेली नाही, त्यांना तर ती मोठा धीर देणारी आहे.

राम आठ वर्षांचा असताना, १८९३ मध्ये, वडील वारले. घरची स्थिती बेताची झाली. शिक्षण रखडत रखडत चालले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पुण्यात ते मॅट्रिक झाले आणि त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात नाव घातले. परंतु पहिल्याच वर्षाच्या अखेरीस गणिताने दगा दिला. नापास झाल्यावर त्यांनी कॉलेजला रामराम ठोकला तो कायमचा. आज ज्यांची नाटके पदवी परीक्षेसाठी नेमली जातात, त्यांच्याजवळ स्वतःची पदवी नव्हती.

कॉलेज सुटले, पण वाचन सुटले नाही. ते किर्लोस्कर नाटक मंडळीत मास्तर म्हणून लागले. त्या काळच्या नाटक कंपन्यांतून लहान मुले नट म्हणून असत. त्यांना लिहावयास वाचावयास शिकविणे हे काम गडकऱ्यांकडे आले. 'गडकरी मास्तर' हे नाव त्यांना जन्मभर चिकटले. याच मंडळीच्या आश्रयाने त्यांना आपले गुरू भेटले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे त्या काळचे नावाजलेले नाटककार आणि विनोदी लेखक. गडकऱ्यांनी स्वतःला त्यांचा शिष्य मानले आणि शेवटपर्यंत ते नाते जपले. याशिवाय शाळेतील शिक्षकाची नोकरी, वृत्तपत्रातील काम असे उद्योगही त्यांनी केले. पैसा मात्र कधी फारसा हाताशी राहिला नाही.

एका माणसाने तीन नावांनी तीन वेगळ्या सृष्टी निर्माण कराव्यात, हे मराठीत क्वचित घडले आहे. कविता लिहिताना ते 'गोविंदाग्रज' झाले. विनोद लिहिताना 'बाळकराम' झाले. नाटके मात्र त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिली. 'वाग्वैजयंती' हा त्यांचा काव्यसंग्रह १९२१ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. त्यातील कवितांत निराश प्रेमाचा सूर वारंवार लागतो. त्यांचा स्वतःचा संसारही सुखाचा झाला नाही. पहिला विवाह टिकला नाही. दुसरा विवाह रमाबाईंशी झाला. त्या वयाने त्यांच्याहून बऱ्याच लहान होत्या.

*

गडकऱ्यांची नाटके अवघी चार पूर्ण आहेत. 'प्रेमसंन्यास', 'पुण्यप्रभाव', 'एकच प्याला' आणि 'भावबंधन'. 'राजसंन्यास' व 'वेड्यांचा बाजार' ही अपुरीच राहिली. एवढ्या थोड्या लेखनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ती म्हणजे चुकलेला माणूस. त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न जणू त्यांचा पिच्छा सोडत नव्हता.

'प्रेमसंन्यास' हे १९१२ च्या सुमाराचे पहिले नाटक. विधवाविवाहाचा प्रश्न त्यात आहे. त्यातील कमलाकर हा कपटी खलनायक. पहिल्या नाटकात बहुतेक लेखकांचा खलनायक काळाकुट्ट असतो, तसाच हा आहे. १९१६ मधील 'पुण्यप्रभाव' नाटकात मात्र लेखकाचा रोख बदलतो. वृंदावन हा वसुंधरेवर वाईट नजर ठेवणारा पुरुष. ती दुसऱ्याची पत्नी आहे, आई आहे. सूडाने आणि वासनेने आंधळा झालेला वृंदावन तिला धमकावतो, छळतो. ती डगमगत नाही. तिच्या मनोधैर्यापुढे त्याचेच मन पालटते आणि तो शरण येतो. नाटकाचे नावच आहे पुण्याचा प्रभाव.

हे परिवर्तन काही टीकाकारांना फार सोपे वाटले. खरोखर, एका रात्रीत माणूस बदलतो काय? आपल्या नेहमीच्या अनुभवाला हे पटत नाही. तरीसुद्धा एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. वसुंधरेने वृंदावनाच्या पापाला कोठेही हातभार लावलेला नाही. तिने त्याला झाकले नाही, त्याच्या वतीने सबब सांगितली नाही. वाल्याच्या बायकोने जे घरात केले, तेच वसुंधरेने संकटात केले. दोघींनीही वाटा नाकारला.

*

आता 'एकच प्याला'कडे वळू. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. कोर्टात अपमान होतो, तो उलटून बोलतो आणि त्याची सनद काही महिन्यांसाठी रद्द होते. घरी सासऱ्याचा पैसा आहे, पण त्यावर जगणे त्याला नको आहे. या मनःस्थितीत तळीराम त्याच्यापुढे पहिला पेला करतो. एकाच पेल्याने काय होते, या एका समजुतीवर सगळे घर कोसळते.

गडकऱ्यांचे मोठेपण असे, की त्यांनी सुधाकराला राक्षस केले नाही. तो प्रेमळ पती आहे, चांगला मित्र आहे. दोष एकच, अभिमानाचा. तोच अभिमान त्याला पेल्याकडे नेतो आणि परत फिरू देत नाही. दारुड्याच्या पायऱ्या कशा असतात, पहिल्या पायरीवरचा माणूस का परतू शकतो आणि शेवटच्या पायरीवरचा का परतू शकत नाही, याचे जे निदान सुधाकर स्वतःच आपल्या मित्रापाशी, रामलालपाशी करतो, ते डॉक्टरांनीही वाचण्यासारखे आहे. रोग्यालाच रोग पुरता कळलेला आहे, पण उपाय त्याच्या हातून सुटलेला आहे.

सुधाकर एकदा दारू सोडतोही. ही गोष्ट आपण बहुधा विसरतो. तो शुद्धीवर येतो, नोकरीच्या शोधात निघतो, ओळखीच्या लोकांच्या दारात उभा राहतो. सगळे तोंड फिरवतात. दारुडा ही ओळख त्याच्या कपाळावरून पुसली जात नाही. अपमानाने पेटलेला सुधाकर पुन्हा तळीरामाच्या वाटेने जातो. इथे गडकऱ्यांनी समाजालाही दोषी धरले आहे. माणसाने सुधारावे असे म्हणणारे आपण, सुधारलेल्या माणसाला उभे राहायला जागा देतो काय?

त्याच नाटकात भगीरथ आहे. तोही निराशेने दारूकडे वळलेला तरुण. पण त्याला वेळेवर रामलाल भेटतो, समजुतीचे शब्द मिळतात, करण्यासारखे काम मिळते आणि तो बाहेर येतो. रामलालही काही धुतल्या तांदळासारखा नाही. त्याचेही मन एकदा नको तिकडे ओढ घेते, आणि ते ओळखून तो स्वतःच मागे सरतो. उलट तळीराम मरेपर्यंत पेला सोडत नाही आणि त्याच्या मनाला टोचणीही लागत नाही. एकाच नाटकात चार माणसे, चार वाटा. सुधारणा कोणाला साधते याचा हा जणू कोष्टकच मांडलेला हिशेब आहे.

आणि सिंधू? वडिलांच्या, भावाच्या पैशाला हात न लावण्याचे व्रत तिने नवऱ्याच्या शब्दाखातर घेतले आहे. ती दळण दळून पोराला जगवते. नवऱ्याविषयी कोणी वावगे बोलले तर ती ऐकून घेत नाही. शेवटी नशेतल्या सुधाकराच्या हातून मूल जाते, तीही मरणाच्या दारी पोचते. पोलीस येतात, तेव्हा मरता मरता ती खोटे सांगून नवऱ्याला वाचवते. सुधाकराला पश्चात्ताप होतो, पण शेवटच्या प्याल्यात विष कालवून तोही जातो.

हे वाचून वर्गात अनेकांचे डोळे ओलावले. माझेही ओलावले. पण घरी जाताना मनात एक खडा राहिला. वाल्याच्या बायकोने वाटा नाकारला आणि वाल्या तरला. सिंधूने सगळा वाटा स्वतः घेतला आणि सुधाकर बुडाला. मग पतिव्रता कोण आणि नवऱ्याचे भले करणारी कोण?

इथे एक शंका कोणी काढील. व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच लेखकाच्या 'ला मिझेराब्ल' या १८६२ मधील कादंबरीत बिशपही पोलिसांना खोटेच सांगतो. जाँ व्हालजाँने त्याची चांदीची भांडी चोरलेली असतात. बिशप म्हणतो, ती मीच त्याला दिली. त्या खोट्याने व्हालजाँचा जन्म पालटतो. मग सिंधूच्या खोट्याने का पालटू नये? मला वाटते, फरक दोन आहेत. बिशपने जे सोडून दिले ते त्याचे स्वतःचे होते; सिंधूच्या मांडीवरच्या मुलाचा जीव सोडून द्यायला तिचा एकटीचा नव्हता. दुसरे असे, की बिशपने एकदाच क्षमा केली आणि त्याच क्षणी व्हालजाँच्या डोक्यावर सत्प्रवृत्त होण्याचे ओझे ठेवले. सिंधूने रोज क्षमा केली, आणि कोणतेही ओझे ठेवले नाही.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. होडीवर खलाशी. दारू सुटेना. ज्या दिवशी ते निजून राहत, त्या दिवशी मावशी नाखव्याकडे जाऊन अंगात ताप आहे म्हणून सांगत. अशी कित्येक वर्षे गेली. एके पहाटे मावशींनी सांगितले, ताप नाही, पिऊन पडले आहेत. त्या खेपेचा काकांचा वाटा बुडाला. गल्लीत मावशींची निंदा झाली. नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडली म्हणाले. त्या उत्तरादाखल टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला गेल्या. काका काही वाल्मीकी झाले नाहीत. मधून मधून घसरतात. पण बहुतेक पहाटे होडीवर असतात. ज्या दिवशी मावशींनी खोटे बोलायचे सोडले, त्या दिवसापासूनचा हा फरक आहे.

'एकच प्याला'त असे बोलणारी एक बाई आहे, ती म्हणजे तळीरामाची बायको गीता. ती नवऱ्याचे चाळे मुकाट्याने सोसत नाही, तोंडावर बोलते. प्रेक्षक तिला हसतात आणि सिंधूसाठी रडतात. गडकऱ्यांनी गीतेला विनोदी भागात टाकले हे खरे. परंतु तिला नाटकात आणले ते त्यांनीच. सिंधूचा मार्ग हा एकच मार्ग नाही, हे त्यांच्या लेखणीला ठाऊक होते, असे मानायला जागा आहे.

*

हे नाटक रंगभूमीवर आलेले पाहण्याचे भाग्य गडकऱ्यांना लाभले नाही. प्रकृती ढासळत गेली. हवापालट आणि विश्रांतीसाठी ते नागपूरजवळच्या सावनेर येथे गेले. २३ जानेवारी १९१९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. वय अवघे तेहतीस वर्षांचे. त्यानंतर महिन्याभरातच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. सिंधू झाले बालगंधर्व, सुधाकर झाले गणपतराव बोडस. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली होती. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व सिंधूच्या गरिबीच्या प्रवेशात साध्या, जुनेर लुगड्यात उभे राहिले आणि प्रेक्षागार हेलावले. ज्या गायकवाडी मुलुखात गडकरी जन्मले, त्याच्याच राजधानीत हे घडले.

सावनेरला अखेरच्या आजारातही त्यांच्या हातची लेखणी सुटली नव्हती. 'भावबंधन' त्यांनी त्याच दिवसांत पूर्ण केले. त्यातील घनश्याम हा एका गर्विष्ठ मुलीच्या शब्दांनी दुखावलेला कारकून. अपमानाचा सूड घ्यावयाचा म्हणून तो एका घराला जाळ्यात पकडतो, आणि शेवटी त्याला पश्चात्ताप होतो. पुढे बळवंत संगीत मंडळीने हे नाटक केले, तेव्हा चिंतामणराव कोल्हटकरांनी घनश्याम आणि मास्टर दीनानाथांनी लतिका गाजवली. मला महत्त्वाची वाटते ती एवढीच गोष्ट, की मृत्यू समोर दिसत असताना या लेखकाने खलनायकाला शिक्षा न देता त्याला परत फिरविले. सुधाकराला परतीचा दरवाजा मिळाला नाही, घनश्यामाला मिळाला. घनश्यामाचे कारस्थान उघडे पडले, कोणी ते आपल्या पदराखाली घेतले नाही, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

*

गडकऱ्यांच्या एका लेखनाविषयी न बोलता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकात त्यांनी छत्रपती संभाजी महाराजांना विलासात रमलेले आणि पुढे पश्चात्तापाने पोळलेले दाखविले. त्या चित्रणाला इतिहासाचा आधार नाही, असा आक्षेप पुढे घेण्यात आला. ३ जानेवारी २०१७ रोजी पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा काही लोकांनी उखडून मुठा नदीत टाकला. पुतळा पाण्यात टाकल्याने नाटकातील एक अक्षरही पुसले जात नाही. परंतु त्या निमित्ताने मला एक भेद मात्र स्पष्ट झाला. सुधाकर हा लेखकाचा स्वतःचा. त्याच्या माथी हवे ते पाप द्यावे आणि त्याला हवे तसे तारावे. जो माणूस खरोखर होऊन गेला, त्याच्या पश्चात्तापाचे नाट्य रंगविण्यासाठी आधी त्याच्या माथी पाप लिहावे लागते. ते लिहिण्याचा अधिकार केवळ प्रतिभेने मिळत नाही. मोठ्या लेखकाचीही ही चूक आपण चूक म्हणूनच पाहावी. गडकऱ्यांच्या पुण्याखाली ती झाकू नये आणि तिच्यापायी त्यांचे पुण्यही बुडवू नये.

*

२०१५ च्या जून महिन्यात मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. खारदांड्याहून ते ठिकाण फार दूर नाही. त्या घरांतून किती सुधाकर होते आणि किती सिंधू मागे राहिल्या, याचा हिशेब कोणत्या नाटकात लिहिला जाणार? 'एकच प्याला' लिहून शंभर वर्षे उलटली. पेला रिकामा झालेला नाही.

गडकऱ्यांनी आम्हांला एक गोष्ट निश्चित शिकविली. वाईट कृत्य करणारा माणूस समूळ वाईट नसतो. त्याच्याविषयी राग येत असतानाही त्याच्यासाठी जीव तुटावा, अशी लेखणी असू शकते. पण दुसरी गोष्ट मला आजीच्या गोष्टीने शिकविली. चुकलेल्या माणसाला दार उघडे ठेवावे, हाक मारावी, काम द्यावे, परत आला तर पाट मांडावा. त्याच्या पापाचा वाटा मात्र उचलू नये. तो ज्याचा त्याने उचलला, तरच त्याचे वजन त्याला कळते. आणि ते कळल्यावाचून कोणी वाल्मीकी झाल्याचे गोष्टीतसुद्धा ऐकिवात नाही.

परवा ही सगळी हकीकत मी आजीला वाचून दाखवली. तिला अक्षरओळख नाही. सिंधूचा शेवट ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, की त्या पोरीला कोणी शेजारीण नव्हती काय. या प्रश्नाचे उत्तर मला नाटकात सापडले नाही.